काचेच्या कपाटातला काटा

त्या इमारतीत तळमजल्यावर बायका बाळंत होत आणि तिसऱ्या मजल्यावर बाळंतपणावर लेख होत. मधले दोन मजले कचेऱ्यांचे होते, त्यामुळे खालचा आवाज वर पोचत नसे आणि वरचं ज्ञान खाली उतरत नसे. कळा दोन्हीकडे सोसाव्या लागत. फरक एवढाच, की खालची बाई नवव्या महिन्यात मोकळी होई, वरच्या लेखाला दोन-दोन वर्षं लागत, आणि एवढं करून तो जन्माला आला की बाप म्हणून अकरा जण पुढे येत.

तिसऱ्या मजल्यावर माता-आरोग्याचं संशोधन केंद्र होतं, खालचा वॉर्ड त्याचाच होता, केंद्रात ग्रंथालय होतं आणि ग्रंथालयात ग्रंथपालबाई होत्या. पुस्तक मागायला तिथे वर्षाकाठी चार माणसं येत, त्यातले दोघे फोनचा चार्जर लावायला. बाईंचं खरं काम मोजण्याचं. जगात कुठेही कुणी लेख लिहिला आणि त्याच्या शेवटी आधार म्हणून केंद्रातल्या कुणाच्या लेखाचं नाव टाकलं, की केंद्राला एक सायटेशन मिळे. बाई रोज सकाळी संगणक उघडून ही सायटेशनं वेचत, तांदळातले खडे निवडावेत तशी खरी-खोटी निवडत आणि अकराच्या आत एकूण आकडा संचालकांच्या टेबलावर ठेवत. नाव टाकणाऱ्याने तो लेख वाचलेला असावा अशी अट कुठेच नव्हती. तशी अट असती तर बाईंची नोकरी केव्हाच गेली असती. केंद्रात त्यांना सगळे मोजणीबाई म्हणत, आधी पाठीमागे आणि मग तोंडावर.

संचालकांना सगळे सर म्हणत. सर सकाळी भेटल्यावर "कशा आहात" विचारत नसत. ते म्हणत, "किती?" बाई म्हणत, "तीन वाढली, सर," की सरांचा दिवस बरा जाई. एखाद्या दिवशी काहीच वाढलं नाही तर दुपारच्या बैठकीत कुणाची ना कुणाची खरडपट्टी निघे. बाईंच्या हे इतकं अंगवळणी पडलं होतं की सुट्टीच्या दिवशीही अकराच्या सुमाराला त्यांना घरात चैन पडत नसे.

सरांच्या नावावर शंभरावर लेख होते, पण खणखणीत नाणं एकच. एकोणीस वर्षांपूर्वीचा, दोन पानांचा. त्यात म्हटलं होतं ते अगदी साधं होतं. बाळंतपणानंतर बाईच्या अंगातून किती रक्त गेलं हे आपण डोळ्यांनी पाहून ठरवतो आणि जवळजवळ नेहमी कमी धरतो. त्यापेक्षा भिजलेली कापडं वजनकाट्यावर ठेवा, कोरड्या कापडांचं वजन त्यातून वजा करा, जितके ग्रॅम उरतील साधारण तितके मिलिलिटर रक्त गेलं समजा. खरा आकडा हातात असला की इलाज वेळेवर होतो. या दोन पानांना एक हजार नऊशे बारा सायटेशनं होती.

ज्या काट्यावर तो अभ्यास झाला तो काटा तिसऱ्या मजल्यावर, लिफ्टसमोरच, काचेच्या कपाटात ठेवला होता. निळ्या पत्र्याचा, वर पसरट ताटली, समोर गोल तबकडी आणि तांबडी सुई. आत छोटा दिवा होता आणि खाली पितळी पाटी: 'मातांचे प्राण वाचवणारा काटा'. लेखाचं हजारावं सायटेशन झालं त्या वर्षी सरांनी तो खालून समारंभापुरता दोन दिवसांसाठी मागवला. त्याला आता पाच वर्षं झाली होती. कपाटाला कुलूप होतं आणि किल्ली सरांच्या टेबलाच्या खणात. पाहुणे आले की त्या काट्यासमोर उभं राहून फोटो काढत, आणि फोटोत सर नेहमी काट्याच्या उजव्या बाजूला असत. ती त्यांची चांगली बाजू होती.

मोजणीबाईंना या सगळ्याचा अभिमान होता. आपण कुठेतरी मोठ्या ठिकाणी आहोत, एवढं माणसाला पुरतं.

म्हणूनच सुनेला दिवस गेले तेव्हा बाईंनी पहिल्या दिवशीच जाहीर केलं की बाळंतपण आपल्याच इमारतीत. सून शाळेत शिकवायची. हातात तांबडी पेन्सिल घेतल्याशिवाय तिला वर्तमानपत्रसुद्धा वाचता येत नसे. औषधाच्या बाटलीवरच्या सूचनांमध्येही तिने एकदा दोन स्वल्पविराम घातले होते. तिला कुठेही चाललं असतं. विहीणबाईंना मात्र त्यांच्या गल्लीतलं दोन खोल्यांचं प्रसूतिगृह हवं होतं.

"तिथल्या डॉक्टरीणबाईंच्या हाताला गुण आहे," विहीणबाई म्हणाल्या.

"विहीणबाई, आमचं केंद्र जगात पहिल्या विसात आहे," मोजणीबाई म्हणाल्या.

"कशात?"

"सायटेशनमध्ये."

"म्हणजे ते बाळंतिणीला देतात का? दुधातून?"

अडाण्याशी काय डोकं फोडायचं, असं मोजणीबाईंच्या मनात आलं आणि ते विहीणबाईंना चेहऱ्यावर स्पष्ट वाचता आलं. शेवटी सून म्हणाली, "आई म्हणताहेत तर त्यांच्याच इमारतीत करू," आणि विषय मिटला. सुनेचं आणि बाळाचं बरं-वाईट आता मोजणीबाईंच्या शब्दावर होतं, पण शब्द देताना त्यांना ते एवढं जड वाटलं नाही.

कळा सुरू झाल्या त्या नेमक्या मूल्यांकन समितीच्या दिवशी. ही समिती पाच वर्षांतून एकदा येई आणि केंद्राचा दर्जा ठरवून जाई. गेला महिनाभर तिसऱ्या मजल्यावर झाडांच्या कुंड्यासुद्धा पुसून ठेवल्या जात होत्या. बाईंनी सहाशे चाळीस पानांचा वार्षिक अहवाल जाड पुठ्ठ्यात बांधून घेतला होता, त्याच्या बारा प्रती काट्याशेजारच्या मेजावर रचल्या होत्या, आणि सरांच्या त्या प्रसिद्ध लेखाच्या छापील प्रती वेगळ्या. सरांनी सगळ्या मोठ्या डॉक्टरांना सकाळपासून वर बसवून ठेवलं होतं. फोन बंद ठेवायचे, अगदी आग लागल्याशिवाय खाली जायचं नाही, असा हुकूम होता.

सकाळी नऊला सून तळमजल्यावर दाखल झाली. वॉर्ड लांबट होता, पडदे धुऊन धुऊन विटलेले, खाटा रंगवलेल्या. भिंतीवर चौकटीत नियम लावले होते: गेलेलं रक्त पाचशेच्या वर गेलं की मोठ्या डॉक्टरांना बोलवावं आणि रक्तपेढीतून रक्त मागवावं. नियमांच्या खाली बारीक अक्षरात आधार म्हणून सरांच्या लेखाचं नाव. बाईंचा मुलगा बाहेर येरझारा घालत होता आणि दर दहा मिनिटांनी कुणाला तरी फोनवर 'अजून काही नाही' असं सांगत होता. विहीणबाई स्टुलावर बसल्या होत्या आणि कशालाच नावं ठेवत नव्हत्या, त्याने मोजणीबाईंचा जीव जास्त खालीवर होत होता.

"आई, काहीतरी वाचायला द्या हो," दोन कळांच्या मध्ये सून म्हणाली. "नुसतं छताकडे बघून वेड लागेल."

बाईंच्या हातातल्या फायलीत सरांच्या लेखाची प्रत होती. दुसरं काहीच नव्हतं, म्हणून तीच दिली. सुनेने उशीखालून पेन्सिल काढली. ती तिथे कशी आली हे देव जाणे. कळ आली की ती कागद छातीशी धरून डोळे मिटायची, ओसरली की पुढची ओळ. तासाभरात दोन पानं संपली. जगातल्या एकोणीसशे बारा जणांपैकी किती जणांनी एवढं केलं होतं कुणास ठाऊक.

"दोन वाक्यं फार लांबलीत," ती म्हणाली. "पण म्हणणं पटण्यासारखं आहे. मला वाटलं काहीतरी अवघड असेल. आई, तुम्ही वाचलाय ना हा?"

"वाचलाय म्हणजे," मोजणीबाई म्हणाल्या, "मी रोज मोजते तो."

सुनेने त्यांच्याकडे एकदा पाहिलं. गृहपाठ न करता आलेल्या मुलाकडे ती असंच बघत असणार. मग ती मोठ्या सिस्टरकडे वळली. मोठ्या सिस्टर म्हणजे त्या वॉर्डच्या प्रमुख परिचारिका. बुटक्या, रुंद, पायांत कापडी बूट, आणि तीस वर्षांत कधी वरच्या मजल्यावर न बोलावलेल्या.

"सिस्टर, तुमच्याकडे कापडं मोजायचा काटा कुठे आहे?"

मोठ्या सिस्टरनी सलाईनची बाटली लावता लावता वर बोट दाखवलं.

"वर म्हणजे?"

"वर म्हणजे तिसऱ्या मजल्यावर. काचेत. त्याला दिवा लावलाय." त्यांचा आवाज अगदी सपाट होता. "तो काटा माझ्या हाताखालचा होता. कापडं मोजायला मी सुरुवात केली, सर तेव्हा नवीन होते, ते शेजारी उभं राहून लिहून घ्यायचे. लेखात शेवटी आमचे आभार मानलेत, 'परिचारिका वर्ग' म्हणून. मग काटा वर गेला. मी नवीन मागितला. भांडार म्हणालं, वहीत तुमच्या नावावर चालू स्थितीतला एक काटा आहे, दुसरा मिळणार नाही. मी म्हटलं, मग तो बाद करा. ते म्हणाले, चालू स्थितीतली वस्तू बाद कशी करायची?"

"मग?"

"मग वर पत्रं लिहिली. सात. आता डोळ्यांनी बघतो, आधी बघत होतो तसं." सिस्टर पुढच्या खाटेकडे गेल्या.

विहीणबाईंनी स्टूल थोडं पुढे ओढून घेतलं आणि लेकीचा हात धरला. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असं त्या म्हणाल्या असत्या तर मोजणीबाईंना बरं वाटलं असतं.

दुपारी पावणेदोनला मुलगी झाली. तांबडीलाल, मुठी आवळलेली, आणि आवाज असा की बाहेर मुलाच्या फोनवरच्या माणसालाही ऐकू गेला. दहा मिनिटं सगळं छान होतं. दोघी विहिणी एकमेकींचा हात धरून रडल्या आणि मग लगेच सोडला.

मग मोठ्या सिस्टर सुनेच्या खाटेपासून हलेनात. त्या पोट चोळत होत्या, कापडं बदलत होत्या, पुन्हा बदलत होत्या. ड्यूटीवरच्या डॉक्टरीणबाईंना त्यांनी हाक मारली. या डॉक्टरीणबाई वयाने लहान, सकाळपासून एकट्या, चौदा खाटा सांभाळून डोळ्यांखाली काळं आलेलं. त्यांनी नेहमीचं इंजेक्शन दिलं, भिजलेल्या कापडांच्या बादलीत डोकावून पाहिलं आणि कागदावर लिहिलं: चारशे.

"मला जास्त वाटतंय," सिस्टर म्हणाल्या.

"सिस्टर, वाटण्यावर रक्त मिळत नाही. अर्जावर पाचशेच्या वर आकडा लागतो, नाहीतर रक्तपेढी परत पाठवते. आणि मोठे डॉक्टर सगळे वर आहेत. चारशेवर त्यांना खाली बोलावलं तर सर मला उभं जाळतील."

"मग आकडा सहाशे घाला."

"अंदाजाने कसा घालू?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "चुकला तर माझी नोकरी जाते."

सुनेचे ओठ पांढरे पडले होते. तिने मान वळवून सासूकडे पाहिलं. बोलायला तिला जोर लावावा लागत होता.

"आई," ती म्हणाली, "मोजा."

मोजणीबाईंची आयुष्यभराची मोजणी त्या एका शब्दापुढे मातीमोल झाली. त्या उठल्या आणि जिन्याकडे निघाल्या, कारण लिफ्ट समितीसाठी तिसऱ्या मजल्यावर अडवून ठेवलेली होती. त्यांचे गुडघे एरवी एक मजला चढतानाही तक्रार करत. त्या दिवशी ते काय म्हणत होते हे त्यांनी ऐकलं नाही. दुसऱ्या मजल्यावर त्यांना फक्त एकच गोष्ट आठवत होती, की इथे आणायचा हट्ट आपण केला, आणि पोरगी हू की चू न करता आली.

वर सर काचेच्या कपाटासमोर उभे होते, काट्याच्या उजव्या बाजूला. समितीचे पाच जण अर्धवर्तुळात. मधे समितीच्या अध्यक्षा, पांढऱ्या केसांच्या, स्वतः चाळीस वर्षं बाळंतपणं केलेल्या डॉक्टर. मागे भिंतीला टेकून केंद्राचे सगळे मोठे डॉक्टर, फोन बंद करून.

"हा काटा," सर सांगत होते, "म्हणजे एका विचाराचा प्रवास आहे."

"सर," मोजणीबाई म्हणाल्या, "काटा हवाय. खाली."

सर हसले. "आमच्या ग्रंथपालबाई. फार कामसू. बाई, समितीचं आटोपू दे, मग बोलू."

"सून आहे माझी. रक्त थांबत नाहीये. किती गेलं ते मोजायचंय. किल्ली द्या."

"अहो, खाली डॉक्टर आहेत ना," सर दबक्या आवाजात म्हणाले, आणि समितीकडे वळून मोठ्या आवाजात, "तर हा प्रवास एकोणीस वर्षांपूर्वी..."

मेजावर वार्षिक अहवालांची चळत होती. मोजणीबाईंनी वरची प्रत उचलली. सहाशे चाळीस पानं, जाड पुठ्ठा, सोनेरी अक्षरं. बांधणी मजबूत हवी असं त्यांनी स्वतः बांधणाऱ्याला तीनदा बजावलं होतं. त्यांनी ती दोन्ही हातांनी डोक्यावर नेली आणि काचेवर घातली. पहिल्या फटक्यात काच तडकली, दुसऱ्यात खाली आली. त्या अहवालाचा लोकांना प्रत्यक्ष उपयोग झाल्याची ही पहिलीच वेळ होती.

मोजणीबाईंनी काटा उचलला, ताटलीवरच्या काचा झटकल्या आणि तो पोटाशी धरून जिना उतरायला लागल्या. मनगटातून रक्त येत होतं ते त्यांना पहिल्या मजल्यावर दिसलं. पाठीमागे कुणाची तरी पावलं वाजत होती. ते सर असणार असं त्यांना वाटलं आणि त्यांनी ठरवलं की काटा काही द्यायचा नाही, काय वाटेल ते होवो.

मागे सर नव्हते. अध्यक्षा होत्या.

मोठ्या सिस्टरनी काटा घेतला तो हरवलेलं भांडं घरात परत यावं तसा. सुई शून्याच्या पुढे होती. त्यांनी खालचा स्क्रू न बघता फिरवला आणि ती जागेवर आणली. मग भिजलेली सगळी कापडं ताटलीत ठेवली.

"चौदाशे," सिस्टर म्हणाल्या. "कोरडं कापड चाळीस ग्रॅम. अकरा कापडं, चारशे चाळीस. वजा करा."

वजाबाकी विहीणबाईंनी केली. "नऊशे साठ."

ड्यूटीच्या डॉक्टरीणबाईंनी 'चारशे'वर काट मारून नऊशे साठ लिहिलं. अर्ज रक्तपेढीकडे गेला तो मोजणीबाईंच्या मुलाच्या हातातून, आणि तो येरझारा सोडून आयुष्यात पहिल्यांदा सरळ रेषेत धावला. अध्यक्षांनी तोवर अंगातला कोट काढून विहीणबाईंच्या मांडीवर टाकला होता आणि हात धुतले होते. पुढचा पाऊण तास त्या आणि मोठ्या सिस्टर दोघी मिळून काम करत होत्या. दोघींना एकमेकींना काही सांगावं लागत नव्हतं. साडेतीनच्या सुमाराला सिस्टरनी शेवटचं कापड काट्यावर ठेवलं, सुईकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "थांबलं."

मोजणीबाई भिंतीला धरून खाली बसल्या. विहीणबाईंनी त्यांच्या मनगटाला स्वतःचा रुमाल बांधला, जरा जास्तच आवळून.

चौथ्या दिवशी बाईंना कारणे दाखवा नोटीस आली. संस्थेच्या ऐतिहासिक ठेव्याची नासधूस, समितीसमोर गैरवर्तन, एक अहवाल खराब. खुलासा तीन दिवसांत. बाईंनी तो तीन मिनिटांत लिहिला: 'भिजलेली कापडं काट्यावर मोजावीत असं सरांच्या लेखात लिहिलं आहे. त्याप्रमाणे केलं.' खाली सवयीने लेखाचं नाव, वर्ष आणि पान क्रमांक घातला.

नोकरी जाणार असं धरूनच त्या सरांच्या खोलीत गेल्या. सर मात्र खुशीत होते. समितीचा अहवाल आला होता. अध्यक्षांनी त्यात लिहिलं होतं, 'या केंद्राच्या संशोधनाचा प्रत्यक्ष परिणाम काय होतो आणि तो होऊ नये म्हणून काय काय केलं जातं, हे मी स्वतः पाहिलं.' सरांनी पहिल्या अर्ध्या वाक्याखाली रेघ मारली होती.

"नोटीस आपण मागे घेऊ," सर म्हणाले. "आणि बाई, यावर एक लेख होतो. सुंदर होतो. आम्ही अकरा जण आहोत, तुमचं नाव बारावं घालू. फक्त तुमच्या सुनेचे कागद वापरायचे म्हणजे तिची संमती लागेल. हा घ्या फॉर्म, सही आणा. उद्याच आणा."

फॉर्म चार पानी होता. सून पाठीशी उशी लावून बसली होती, मुलगी मांडीवर झोपलेली. तिने फॉर्म पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला, दोन ठिकाणी पेन्सिल लावली, आणि सहीच्या जागी लिहिलं: 'संमती आहे. अट एकच. लेखावर ज्यांची नावं येणार त्या प्रत्येकाने मोठ्या सिस्टरची सातही पत्रं वाचावीत आणि प्रत्येक पत्राखाली "वाचलं" असं लिहून सही करावी.'

"एवढंच?" बाई म्हणाल्या.

"एवढंच. आई, ती पत्रं आहेत कुठे?"

मोजणीबाईंना शोधावं लागणार नव्हतं. ती त्यांच्याच ग्रंथालयात होती. काट्याविषयीचे सगळे कागद सरांनी जपायला सांगितले होते, म्हणून बाईंनी एकेक पत्र आलं तसं त्यावर तारीख घातली, 'ऐतिहासिक' असा शिक्का मारला आणि फायलीत लावलं. सात वेळा. वाचलं एकदाही नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ती फाईल काढली आणि खुर्चीत बसून वाचली. पहिल्या पत्रात विनंती होती, दुसऱ्यात नम्र विनंती, तिसऱ्यात पुन्हा एकवार. सहावं थोडं रागाचं होतं. सातवं दोनच ओळींचं होतं: 'काल खाट क्रमांक नऊवर अंदाज साडेतीनशेचा धरला होता. ती बाई आज पहाटे गेली, काटा मिळावा ही विनंती.' त्या दोन ओळींवर आडवा बाईंच्या हातचा शिक्का होता, जांभळ्या शाईचा, नीट मधोमध. बाईंना स्वतःची इतकी लाज वाटली की त्यांनी उठून दार लावून घेतलं. मग त्यांनी सातही पत्रांखाली 'वाचलं' असं लिहून सही केली.

काटा आता खालीच आहे. मोठ्या सिस्टरनी तो साखळीने टेबलाला बांधला आहे आणि किल्ली गळ्यात. वर फुटक्या कपाटात काट्याचा फोटो लावला आहे, दिवा तोच.

सुनेची अट ऐकून सर म्हणाले होते, "एवढंच ना? वाचू की." सात पत्रं ग्रंथालयाच्या मधल्या टेबलावर ठेवली आहेत, शेजारी पेन आणि ओढून ठेवलेली खुर्ची. एक जण दारातून विचारून गेला, सारांश नाही का कुठे? दुसऱ्याने घरी न्यायला मागितली. सर म्हणतात, सध्या कामाचा रेटा फार आहे. याला आता चार महिने झाले.

रोज सकाळी अकराला मोजणीबाई सरांच्या टेबलासमोर उभ्या राहतात. सर विचारतात, "किती?" बाई आधी किती जणांनी पत्रं वाचली ते सांगतात आणि मग सायटेशनचा आकडा. त्या दोन पानी लेखाच्या सायटेशनचा आकडा एकोणीसशे सत्तेचाळीसवर गेला आहे. पत्रांचा अजूनही एकच आहे.